आर्चटॉपचा काठ

आर्चटॉप गिटारच्या वरच्या फळीच्या अगदी काठाला एक फिकट पिवळसर पट्टी असते आणि तिच्या आतून काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा पूर्ण अंगाभोवती धावतात. पाहणाऱ्याला त्या रंगवलेल्या वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक रेघ ही वेगळी पट्टी असते आणि ती बसवण्यासाठी काठाचं लाकूड आधी काढून तिथे पायरीच्या आकाराचा चर पाडावा लागतो. बाहेरच्या जाड पट्टीला बाइंडिंग म्हणतात, आतल्या रेघांना पर्फलिंग. हा चर हाताने पाडावा की यंत्राने, हा गिटार घडवणाऱ्यांमधला जुना वाद आहे आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर होतो. हाताची बाजू घेणारे परंपरेबद्दल आणि कारागिराच्या जिव्हाळ्याबद्दल बोलतात. यंत्राची बाजू घेणारे घड्याळाकडे बोट दाखवतात. पहिल्या बाजूचं म्हणणं ऐकायला छान वाटतं, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. या वाद्याच्या बाबतीत हाताने चर पाडण्याला एक ठोस, मोजता येणारा आधार आहे. तो आधार आहे वाद्याच्या आकाराचा, आणि चूक झालीच तर ती केवढी होते याचा.

आर्चटॉप म्हणजे कमानदार अंगाची गिटार. नेहमीच्या गिटारची वरची फळी जवळजवळ सपाट असते. पातळ कापलेल्या फळीला आतून पट्ट्यांचा आधार दिला की काम होतं. आर्चटॉपची फळी मात्र व्हायोलिनसारखी जाड लाकडातून कोरून काढतात. स्प्रूसचे दोन तुकडे मधोमध जोडायचे, बाहेरून कमान कोरायची, मग आतून पोखरायचं, इतकं की मध्ये साधारण 6 मिलिमीटर आणि काठाजवळ 3-4 मिलिमीटर जाडी उरते. पाठीची फळी मेपलची, तीही अशीच कोरलेली. गिटार-मँडोलिनच्या जगात ही कल्पना रुजवली ऑर्व्हिल गिब्सन याने. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू इथे तो वाद्यं घडवत असे. 1898 मध्ये त्याला मँडोलिनच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि 1902 मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. संगीत आणि ध्वनिशास्त्र दोन्ही जाणणारा लॉइड लोर 1919 मध्ये या कंपनीत आला, आणि त्याच्या काळात, 1922 मध्ये, एल-5 ही गिटार निघाली. कोरलेली फळी, व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं, सोळा इंच रुंद अंग. गिटारला विजेची जोड अजून मिळालेली नव्हती. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात तालाचा ठोका ऐकू जायचा तर असंच वाद्य हवं होतं. एडी लँगसारख्या जॅझ वादकाने ती उचलली, तशी लोकगीतं गाणाऱ्या माबेल कार्टर यांनीही. पुढे 1932 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन डीअँजेलिको याने स्वतःचं दुकान काढलं. व्हायोलिन आणि मँडोलिन घडवणाऱ्या नात्यातल्या आजोबांकडे तो हे काम शिकला होता. 1964 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या क्रमांक घातलेल्या गिटारींची संख्या 1164 वर पोचली होती. बत्तीस वर्षांत एवढ्या, म्हणजे वर्षाला सरासरी 36. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण हात की यंत्र हा प्रश्न अखेरीस किती वाद्यं घडवायची आहेत या प्रश्नाशीही बांधलेला आहे.

काठाच्या या रेघा निव्वळ नटवण्यासाठी असत्या, तर त्यांच्यावर एवढी चर्चा करण्याचं कारण नव्हतं. पण त्यांना काम आहे. फळीतले तंतू मानेकडून शेपटीकडे सरळ जातात आणि अंगाचा आकार मात्र गोलाईने वळतो. त्यामुळे मानेजवळ आणि तळाशी तंतूंची तोंडं उघडी पडतात. लाकूड या उघड्या तोंडांतून दमटपणा भराभर शोषतं, सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात त्यामागेही हाच दमटपणा असतो, आणि स्प्रूस तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं ते लांबीच्या दिशेपेक्षा अनेक पटींनी जास्त. शिवाय काठ हा वाद्याचा सगळ्यात जास्त मार खाणारा भाग. स्प्रूस तंतूंच्या दिशेने सहज चिरतं. काठाला बसलेल्या एका ठोक्यातून निघालेली भेग आत पळत जाऊ शकते. काठावर वेगळ्या लाकडाची किंवा सेल्युलॉइडची पट्टी चिकटवलेली असली की उघडी तोंडं झाकली जातात, ठोका पट्टी झेलते आणि फळी व बाजू यांचा सांधाही तिच्याखाली सुरक्षित राहतो.

व्हायोलिनचा दाखला इथे उपयोगी पडतो, कारण तिथे हा प्रयोग शतकानुशतकं चाललेला आहे. इटलीतल्या क्रेमोना गावच्या आमाती आणि स्त्रादिवारी घराण्यांनी काठापासून साधारण 4 मिलिमीटर आत, सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंदीची तीन पदरी पट्टी बसवली: काळी, पांढरी, काळी. ती सुमारे 2 मिलिमीटर खोल चरात बसते आणि काठावरून निघालेल्या भेगेला आडवी येते. एकोणिसाव्या शतकात स्वस्त व्हायोलिनांचा मोठा व्यापार झाला तेव्हा पुष्कळ वाद्यांवर चर न पाडता शाईने नुसत्या दोन रेघा मारल्या जात. दुरून दोन्ही सारखीच दिसतात; पण शाईची रेघ भेगेला अडवत नाही. पर्फलिंगमुळे फळी काठाशी बिजागरीसारखी हलते आणि आवाज मोकळा होतो, असंही काही जण सांगतात. त्यावर एकमत नाही आणि माझा युक्तिवाद मी त्यावर उभा करत नाही. भेगेचा आणि दमटपणाचा मुद्दा पुरेसा आहे. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यातही तबली आणि भोपळा जिथे भेटतात तो सांधा नक्षीच्या पट्टीखाली झाकलेला असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या निमित्ताने त्या कामाच्या सौंदर्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. पण ती नक्षी ज्या जागी आहे त्या जागीच का आहे, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे.

आता प्रत्यक्ष काम. सुताराच्या हातात रेघ आखायला खतकस असतं, त्याच जातीचं एक छोटं साधन यासाठी वापरतात. एका टोकाला गोलाईवर टेकेल असा आधार, आणि त्यापासून ठरलेल्या अंतरावर बारीक, सुरीसारखं पातं. आधार गिटारच्या बाजूला टेकवायचा आणि पातं फळीवरून ओढत न्यायचं. काठाला समांतर अशी रेघ कापली जाते. ही झाली चराची रुंदी. मग आधार वरच्या काठावर टेकवून बाजूच्या पट्टीवर दुसरी रेघ कापायची. ही झाली खोली. बाइंडिंगची पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड आणि 6 मिलिमीटर उंच असते, तिच्या आतल्या प्रत्येक रेघेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून चराला दोन पायऱ्या लागतात: बाहेरची अरुंद आणि खोल, आतली रुंद आणि उथळ. दोन्ही रेघा पुरेशा खोल गेल्या की त्यांच्यामधलं लाकूड धारदार पटाशीने कपच्या-कपच्यांनी काढायचं, मग कोपरा छोट्या कानशीने चौरस करायचा आणि पट्टीचा तुकडा घालून पाहायचा. कुठे पट्टी उठून बसते, कुठे फट राहते, ते पाहून पुन्हा खरवडायचं.

कौशल्य लागतं ते रेघ कापण्यात. पहिल्या ओढीत पातं जवळजवळ वजन न देता न्यायचं असतं. स्प्रूसमध्ये वर्षागणिक एक मऊ आणि एक कडक थर असतो. पातं मऊ थरातून जाताना कडक थराला लागलं की त्याच्या कडेने घसरू पाहतं, जसा नांगराचा फाळ जुन्या तासात घसरतो. हलक्या हाताने तीन-चार वेळा नेलं की कापलेली रेघच पात्याला वाट दाखवते, मग जोर लावता येतो. दिशा त्याहून महत्त्वाची. गिटारचं अंग दोन ठिकाणी रुंद आणि मध्ये कमरेशी अरुंद असतं. पातं नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे न्यायचं. कारण साधं आहे: रुंद भागाकडून निघाल्यावर काठाची रेघ आत वळते आणि तंतू सरळच जातात, पातं तंतूंच्या मागे भरकटलंच तर बाहेर, म्हणजे काढून टाकायच्या लाकडात जातं. उलट दिशेने नेलं तर तेच भरकटणं फळीच्या आत होतं आणि वार्निशखाली कायमचा ओरखडा राहतो. म्हणून एका फळीवर पातं चारदा-सहादा उलटसुलट दिशांनी लावावं लागतं. मानेजवळ आणि तळाशी तंतू आडवे येतात. तिथे पात्याला धार नसेल तर लाकूड कापण्याऐवजी चुरगळतं. पाठीच्या मेपलची तऱ्हा आणखी वेगळी. सुंदर लहरी दिसाव्यात म्हणून जे मेपल निवडतात त्यात तंतूच वरखाली वळलेले असतात, म्हणजे कुठलीच दिशा बरोबर नसते. तिथे तंतू आधी पात्याने पुरते तोडून मगच पटाशी लावायची, नाहीतर कपचीसोबत हवं असलेलं लाकूडही निघून येतं.

याउलट राउटर नावाच्या यंत्रात एक छोटं पातं मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेतं. त्याच्या दांड्यावर एक फिरतं कडं असतं ते गिटारच्या बाजूला टेकतं, आणि यंत्राचा तळ फळीवर टेकतो. सपाट फळीच्या गिटारवर ही व्यवस्था उत्तम चालते: तळ आडवा, पातं उभं, चर सरळ. आर्चटॉपवर मात्र तळ टेकवायला सपाट जागाच नाही. तळ कमानीवर चढला की यंत्र कलतं, आणि कलतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, कारण कमरेशी चढ तीव्र असतो आणि तळाशी सौम्य. यंत्र 5 अंश कललं तर 6 मिलिमीटर खोल चराच्या वरच्या आणि खालच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. अर्धा मिलिमीटर ही एका संपूर्ण काळ्या रेघेची जाडी आहे. म्हणजे ज्या अचूकतेसाठी यंत्र घेतलं तीच कमानीवर हातची जाते. हाताच्या साधनाला हा प्रश्न पडत नाही, कारण रुंदी आखताना ते बाजूला टेकतं आणि खोली आखताना काठाला. फळी मध्ये किती फुगली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. या वाद्याच्या आकारानेच हे साधन मागितलं आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: यंत्र उभंच्या उभं धरून ठेवणारी चौकट बनवता येते. खरंच बनवता येते आणि पुष्कळ चांगले कारागीर ती वापरतात. यंत्र एका खांबावर वर-खाली सरकतं, गिटारचं अंग पाळण्यात समतल बांधून फिरवतात, आणि मोठ्या तळाऐवजी पात्याच्या शेजारी एवढुसं कडं काठावर टेकतं. कलण्याचा प्रश्न याने सुटतो, हे मान्य केलंच पाहिजे. हाताच्या साधनाची मर्यादाही सांगायला हवी: बाजू लहरी असेल तर खतकसाचा आधारही त्या लहरीच्या मागोमाग जातो, यंत्राच्या कड्याइतकाच. त्यामुळे दोन्ही पद्धतींत आधी बाजू खरवडून सरळ करावी लागते. कलण्याच्या मुद्द्यावर चौकटीने बरोबरी साधली, असं म्हणू.

पण चूक केवढी होते हा मुद्दा तसाच राहतो, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. दोन धारांचं पातं मिनिटाला पंचवीस हजार फेरे घेत असेल, तर ते लाकडावर सेकंदाला आठशेहून जास्त घाव घालतं. काहीतरी बिघडलं हे कळून माणसाचा हात थबकायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तेवढ्यात दीडशेहून अधिक घाव पडून गेलेले असतात. उलट्या तंतूवर पातं अडकलं तर काठाचा तुकडाच उडतो, आणि तो फक्त काढायच्या लाकडापुरता उडेल असं नाही. चर पाडण्याची वेळही पाहा. तेव्हा फळ्या कोरून झालेल्या असतात, आतले आधार बसलेले असतात, डबा सरसाने बंद झालेला असतो. म्हणजे आठवड्यांचं काम त्या काठावर पणाला लागलेलं असतं. बाजूची पट्टी अवघी दोन-सव्वादोन मिलिमीटर जाड असते. दीड मिलिमीटरची पट्टी बसवायला तिचा बराचसा भाग काढावाच लागतो, आणि त्यामागे फळीला धरून ठेवणारी अस्तरपट्टी लगेच सुरू होते. चर थोडा जास्त खोल गेला की सांध्याचाच आधार कमी होतो. हाताने कापताना चूक होत नाही असं मुळीच नाही; पण ती पहिल्या हलक्या ओढीत केसाएवढी होते, डोळ्यांना दिसते, आणि बहुतेक वेळा काढून टाकायच्या लाकडातच असते. लाकूड काढण्याआधी पूर्ण काठावर चराची सीमा आखून तयार असते आणि ती तपासता येते. राउटरमध्ये सीमा आखणं आणि लाकूड काढणं एकाच क्षणी होतं. तपासायला मधला टप्पाच राहत नाही.

काही जागा तर अशा आहेत जिथे यंत्राच्या भक्तालाही सुरी उचलावी लागते. टोकदार कापाच्या, म्हणजे मानेशेजारी अंगाला खाच दिलेल्या, गिटारीत अंगाचं एक शिंग पुढे येतं. त्या टोकाशी तंतू इतके आखूड असतात की फिरतं पातं टोकच उडवू शकतं. कापाची रेघ मानेला मिळते त्या आतल्या कोपऱ्यात गोल फिरणारं पातं गोलाईच सोडून जातं. कोपरा टोकदार हवा असेल तर पटाशीशिवाय गत्यंतर नाही. गिब्सनच्या सुपर 400 या 1930च्या दशकातल्या अठरा इंची गिटारीत एफ-छिद्रांच्या कडांनाही पट्टी लावलेली असते. त्या छिद्रांची टोकं इतकी आवळलेली आहेत की तिथे काम हातानेच बेतावं लागतं. तेव्हा यंत्र वापरणाऱ्यालाही हाताचं काम शिकावं लागतंच. मग ते फक्त सगळ्यात अवघड कोपऱ्यात, सराव नसताना करण्यात काय शहाणपण आहे?

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो. एल-5 ही कारखान्यात घडली, यंत्रांच्या मदतीने घडली, आणि तरी ती आजवरच्या उत्तम आर्चटॉपपैकी एक मानली जाते. मग हाताचा आग्रह कशाला? हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच हाताने कापलेला चर असलेली गिटार यंत्राच्या गिटारपेक्षा गोड वाजते असा दावा मी करत नाही. ऐकणाऱ्याला हा फरक कळणार नाही. पण कारखाना आणि एकट्या कारागिराचं दुकान यांचं गणित वेगळं आहे. एकाच साच्याची वाद्यं शेकड्यांनी काढायची असतील तर चौकट, साचे आणि त्यांची जुळवाजुळव यांवर गेलेला वेळ प्रत्येक वाद्यावर वाटला जातो आणि नगण्य होतो. वर्षाला छत्तीस, तीही सतरा इंची, अठरा इंची अशा वेगवेगळ्या मापांची, किंवा आजच्या बहुतेक एकट्या कारागिरांसारखी वर्षाला पाच-सहा घडवायची असतील, तर प्रत्येक मापाला चौकट नव्याने जुळवून, रद्दी लाकडावर चाचणी घेऊन मगच खऱ्या वाद्याला हात लावता येतो. राउटर तासाभरात जे करतो त्याला हाताने दिवस लागतो हे खरं. पण जुळवणीचा वेळ धरला की अंतर बरंच कमी होतं, आणि फसलेल्या एका काठाच्या दुरुस्तीचा वेळ धरला की ते उलटंही होऊ शकतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो कारागिरांकडूनच आला. डीअँजेलिकोचा शिष्य जिमी डाक्विस्टो याने गुरूची परंपरा पुढे चालवली, पण उत्तरायुष्यात त्याने झगमगाट कमी करत नेला. धातूच्या आणि प्लास्टिकच्या भागांऐवजी लाकूड आणलं. बॉब बेनेडेट्टो याने तर ला व्हेनेझिया या घडणीत अंगाची पट्टीच वगळली. 1994 मध्ये आर्चटॉप कशी घडवावी यावर पुस्तक लिहून ही विद्या सर्वांसाठी खुली करणारा हा माणूस पट्टी टाळू शकतो, तर मग चराच्या कौतुकाला अर्थ काय? माझं उत्तर असं: पट्टी वगळणं हा सन्माननीय निर्णय आहे, पण त्याने काठाचा प्रश्न नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्या रूपात येतो. उघडा काठ ठेवायचा तर त्याची गोलाई आणि त्यावरचं वार्निश यांवरच दमटपणा रोखण्याचा सगळा भार पडतो, आणि ठोका थेट स्प्रूसवर बसतो. काळजी घेणाऱ्या वादकाच्या हाती हे निभावतं. रोज बसमधून, विमानातून फिरणाऱ्या वाद्याला पट्टी उपयोगाची असते. पट्टी असावी की नसावी यावर दोन मतं असू शकतात. ती असणार असेल तर तिच्याखालचा चर चोख हवा, यावर नसावीत.

आजच्या काळाचा प्रश्न संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्राचा. फळी कोरायला ते अप्रतिम आहे आणि अनेक जण ते वापरतात. पण चर पाडला जातो डबा बंद झाल्यावर, आणि बंद झालेला डबा आराखड्यातल्या डब्याशी तंतोतंत जुळत नाही. वाकवलेल्या बाजू साच्यातून सुटल्या की थोड्या उलगडतात, सरस ओढ लावतो, लाकूड आपल्या जागी स्थिरावतं. यंत्र आराखडा ओळखतं. समोरचा डबा ओळखायचा तर आधी तो ठिकठिकाणी मोजून त्याला सांगावा लागतो. मोठ्या कारखान्याला ते परवडतं. पात्याचा आधार बाजूला टेकवून चालणारा हात मात्र हे मोजमाप कापता-कापताच करत असतो.

जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीत तर दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक आर्चटॉपच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या आहेत. हा पदार्थ दशकांगणिक आकसतो, कमरेशी आणि कापाशी ताणून चरातून बाहेर येतो. काही वाद्यांत तो आतून कुजतो, भुगा होऊन गळतो आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा आसपासचा धातू खातात. डीअँजेलिकोच्या मौल्यवान गिटारींनाही हा आजार चुकलेला नाही. अशी पट्टी काढल्यावर खाली जो चर सापडतो तो ऐंशी वर्षं दबलेला, वाकलेला, चिकटाने माखलेला असतो, आणि त्याच्या कडेला जपायचं असं मूळ वार्निश असतं. त्यावर फिरतं यंत्र टेकवण्याचं धाडस सहसा कोणी करत नाही. सुरी, पटाशी आणि खरवडणी एवढ्यांनीच तो पुन्हा चौरस केला जातो. ज्याने नव्या वाद्यांवर हाताने चर कापले आहेत त्यालाच हे काम जमतं, म्हणजे ही विद्या मोडीत निघाली तर जुन्या वाद्यांना तोडगा उरणार नाही.

सेल्युलॉइडच्या या अनुभवामुळेच आज बरेच कारागीर पुन्हा लाकडी पट्टीकडे वळले आहेत: मेपल, आबनूस किंवा शिसव. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारा शिसव जगभरच्या गिटारींत पाठ आणि बाजूंसाठी वापरला जातो, आणि त्याचेच तुकडे काठालाही शोभतात. लाकडी पट्टी तापलेल्या नळीवर वाकवून घ्यावी लागते, आणि ती सेल्युलॉइडइतकी समजूतदार नसते. सेल्युलॉइड ॲसिटोनमध्ये विरघळतं; त्याचाच लगदा करून लहानसहान फटी भरून टाकता येतात, म्हणून चर थोडा वाकडा असला तरी निभावून जात असे. लाकडाला अशी सवलत नाही. चराची भिंत जिथे हुकली तिथे सरसाची काळी रेघ कायमची दिसते, काळ्या-पांढऱ्या रेघांशेजारी आणखी एक, न मागितलेली. पट्ट्यांचा पदार्थ टिकाऊ झाला तसा चराकडून अपेक्षित असलेला नेमकेपणा वाढला आहे, कमी झालेला नाही.